चौथ्या वाहिनीची पहिली संध्याकाळ

मंगळवार, २ नोव्हेंबर १९८२. दुपारी पावणेपाच वाजता ब्रिटनमधील दूरचित्रवाणी संचांवर एक नवी वाहिनी अवतरली आणि तिने आपला श्रीगणेशा केला तो अक्षरे व आकड्यांच्या एका साध्या खेळाने. त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत या वाहिनीवर जे काही दिसले, त्याचा एकमेकांशी वरकरणी काहीही संबंध नव्हता. व्यायामाचा कार्यक्रम, अमेरिकेतील छोट्या न्यायालयाचे खटले, पुस्तकांवरील चर्चा, सुमारे तासभराच्या बातम्या, लिव्हरपूलमधील एका गल्लीची मालिका, ऑस्ट्रेलियन विनोद, मनोरुग्णालयात आयुष्य घालविणाऱ्या माणसाचा चित्रपट, एनिड ब्लायटनच्या बालकथांचे विडंबन आणि सरतेशेवटी स्त्रियांनी सादर केलेले कवितांचे व गाण्यांचे कॅबरे!

वाहिनीचे नाव होते चॅनेल फोर. एकाच संध्याकाळी इतके परस्परविरोधी कार्यक्रम दाखविण्यामागे गोंधळ नव्हता, धोरण होते. आणि त्या धोरणाला संसदेच्या कायद्याचा आधार होता. हे धोरण नेमके काय होते, त्यासाठी पैसा कोठून आला आणि चाळीस वर्षांनी ही वाहिनी विकायला काढण्याची वेळ का आली, हे समजून घ्यायचे तर त्या पहिल्या दिवसाची कार्यक्रमपत्रिकाच उलगडून पाहायला हवी.

चौथे बटण कोणाचे?

१९८२ पर्यंत ब्रिटिश प्रेक्षकाला तीनच वाहिन्या ठाऊक होत्या. बीबीसीच्या दोन आणि १९५५ पासून सुरू असलेली, जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही. चौथी वाहिनी सुरू करणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होते. प्रश्न होता तो ती कोणाच्या हाती द्यायची, हा. आयटीव्हीच्या कंपन्यांना ती आपल्याकडे हवी होती. बीबीसीला जशी दुसरी वाहिनी आहे, तशी आपल्यालाही मिळावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. उलट स्वतंत्र निर्माते, लेखक आणि अभ्यासक यांचे म्हणणे असे, की आहे तेच पुन्हा दाखविणारी आणखी एक वाहिनी काय कामाची?

१९७७ मध्ये अॅनन समितीने आपल्या अहवालात वेगळीच कल्पना मांडली. चौथी वाहिनी पुस्तकाच्या प्रकाशकासारखी असावी, असे समितीने सुचविले. प्रकाशक स्वतः पुस्तके लिहीत नाही. तो निरनिराळ्या लेखकांकडून ती लिहून घेतो आणि वाचकांपर्यंत पोहोचवितो. वाहिनीनेही स्वतः कार्यक्रम न बनविता ते बाहेरच्या निर्मात्यांकडून घ्यावेत. पुढे मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने ही कल्पना बऱ्याच अंशी उचलली. १९८० च्या प्रसारण कायद्याने नव्या वाहिनीवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. आयटीव्ही ज्यांच्या आवडीनिवडींकडे पुरेसे लक्ष देत नाही, अशा प्रेक्षकांसाठी कार्यक्रम देणे, ही एक. आणि कार्यक्रमांच्या आशयात व स्वरूपात प्रयोगशीलता व नावीन्य यांना उत्तेजन देणे, ही दुसरी.

वाहिनीची सूत्रे जेरेमी आयझॅक्स यांच्याकडे आली. दुसऱ्या महायुद्धावरील ‘द वर्ल्ड अॅट वॉर’ या गाजलेल्या माहितीपट-मालिकेचे ते निर्माते. एडमंड डेल अध्यक्ष झाले, तर उपाध्यक्षपदी होते रिचर्ड अॅटनबरो. त्यांचा ‘गांधी’ हा चित्रपट त्याच महिन्याच्या अखेरीस नवी दिल्लीत प्रथम दाखविला गेला.

स्पर्धकांच्या पैशावर प्रयोग

वाहिनीला स्वातंत्र्य देणे सोपे. ते टिकविण्यासाठी पैसा उभा करणे अवघड. जाहिरातींवर चालणाऱ्या कोणत्याही वाहिनीला अधिकाधिक प्रेक्षक हवे असतात. अधिक प्रेक्षक म्हणजे अधिक दर. साहजिकच, थोड्यांना आवडेल असा कार्यक्रम अशा वाहिनीला परवडत नाही. चॅनेल फोरसाठी यावर जो उपाय शोधला गेला, तो या साऱ्या कथेचा कणा आहे.

चॅनेल फोरवरील जाहिरातींची वेळ विकण्याचा अधिकार त्या-त्या भागातील आयटीव्ही कंपनीला देण्यात आला. त्या बदल्यात या कंपन्यांनी नियामक संस्थेकडे ठरावीक वर्गणी भरायची आणि त्या वर्गणीतून चॅनेल फोरचा खर्च चालवायचा, अशी ही व्यवस्था. म्हणजे वाहिनीला मिळणारी रक्कम आधीच ठरलेली. आजचा कार्यक्रम दहा लाख लोकांनी पाहिला की एक लाख लोकांनी, यावर उद्याचे अंदाजपत्रक अवलंबून नव्हते. जाहिरातींचा पैसा होता. पण जाहिरातदाराचा हात थेट कार्यक्रमापर्यंत पोहोचत नव्हता.

गंमत अशी, की उद्घाटनाच्या दिवशी जाहिरातीही धड नव्हत्या. नव्या वाहिनीचे प्रेक्षक कमी असणार, तेव्हा जाहिरातींत काम करणाऱ्या नटांना मोबदलाही कमी द्यावा, असे जाहिरात संस्थांना वाटत होते. नटांच्या संघटनेला ते मान्य नव्हते. परिणामी नट असलेल्या जाहिराती दाखविताच येईनात आणि जाहिरातींच्या अनेक मोकळ्या जागा ‘पुढील कार्यक्रम थोड्याच वेळात’ अशा अर्थाची पाटी व संगीत यांवर भागवाव्या लागल्या. सर्वस्वी प्रेक्षकसंख्येवर जगणारी वाहिनी अशा आरंभाने डबघाईला आली असती. चॅनेल फोर तगली ती वर्गणीच्या व्यवस्थेमुळे.

पावणेपाच ते नऊ

आता त्या दिवसाच्या कार्यक्रमांकडे वळू. पहिला कार्यक्रम होता ‘काउंटडाउन’. मूळ कल्पना फ्रेंच दूरचित्रवाणीवरील एका जुन्या खेळाची. निर्मिती लीड्स येथील यॉर्कशायर टेलिव्हिजनची. नऊ अक्षरे उचलायची आणि तीस सेकंदांत त्यांतून शक्य तितका लांब शब्द बनवायचा. सहा आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार करून एका तीन आकडी संख्येपर्यंत पोहोचायचे. मोठी बक्षिसे नाहीत, झगमगाट नाही, आरडाओरडा नाही. सूत्रसंचालक रिचर्ड व्हाइटली यांनी २००५ मध्ये निधन होईपर्यंत हा कार्यक्रम चालविला. केंब्रिजमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या कॅरोल व्होर्डरमन यांनी आकडेमोडीची बाजू २००८ पर्यंत सांभाळली. पहिल्या दिवशीचा हा पहिलाच कार्यक्रम आजही चालू आहे. घरी असणारे वृद्ध, शाळा-महाविद्यालयांतून परतणारे विद्यार्थी, सुटीवरचे कामगार अशा, जाहिरातदारांना फारशा न भावणाऱ्या प्रेक्षकांनी तो जगविला.

त्यापुढचा व्यायामाचा कार्यक्रम सडपातळ, तरुण देहांपुरता नव्हता. सर्व वयांच्या व सर्व आकारांच्या माणसांनी शरीर हलवावे, हा त्याचा रोख होता. मग अमेरिकेहून आणलेला न्यायालयीन कार्यक्रम आणि त्याला लागूनच ‘बुक फोर’ हा पुस्तकांचा कार्यक्रम. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, जेव्हा इतरत्र हलकेफुलके काही चालू असे, तेव्हा साहित्यचर्चा ठेवणे हे धाडसच होते.

बरोबर सात वाजता बातम्या. ही बातमीपत्रे ‘आयटीएन’ या संस्थेकडून बनवून घेण्यात आली आणि आजही तीच संस्था ती बनविते. पीटर सिसन्स हे पहिले मुख्य वृत्तनिवेदक. ट्रेव्हर मॅकडोनल्ड त्यांच्या सोबतीला. बीबीसी आणि आयटीव्ही यांची मुख्य बातमीपत्रे अर्ध्या तासात आटोपत. येथे जवळपास तासभर मिळाला. अपघात, राजघराणे आणि क्रीडा यांपेक्षा अर्थकारण, परराष्ट्र व्यवहार, विज्ञान व कला यांना अधिक जागा द्यायची, असे ठरले. आरंभी हे बातमीपत्र पाहणारे इतके थोडे होते, की ते बंद करावे की काय, अशी चर्चा झाली. पण आयझॅक्स यांनी वेळ बदलली नाही. पुढे जॉन स्नो यांनी १९८९ ते २०२१ अशी तब्बल ३२ वर्षे या बातम्या दिल्या. भारतीय वंशाचे कृष्णन गुरुमूर्ती १९९८ पासून याच चमूत आहेत. ज्या बातमीपत्राला प्रेक्षक नव्हते, तेच पुढे वाहिनीची ओळख बनले.

आठ वाजता ‘ब्रुकसाइड’ सुरू झाली. फिल रेडमंड यांनी या मालिकेसाठी स्टुडिओत खोट्या भिंती उभारल्या नाहीत. लिव्हरपूलमधील नव्याने बांधलेल्या एका वसाहतीतील खरी घरेच विकत घेतली. बेकारी, संप, कर्ज आणि मोडकळीला आलेली कुटुंबे हे तिचे विषय. थॅचर यांच्या काळातील लिव्हरपूलमध्ये हे प्रश्न घरोघरी होते. पात्रे बोलत तीही तशीच, रस्त्यावरची भाषा. पहिल्याच भागांतील शिव्यांवरून ओरड झाली. तरीही मालिका २१ वर्षे चालली आणि २००३ मध्ये संपली.

रात्री नऊनंतर

ब्रिटिश दूरचित्रवाणीत रात्री नऊ ही एक लक्ष्मणरेषा मानली जाते. त्याआधी मुलांसोबत पाहता येईल असे, त्यानंतर प्रौढांसाठीचे. उद्घाटनाच्या रात्री बरोबर नऊ वाजता चॅनेल फोरने दाखविला ‘वॉल्टर’. डेव्हिड कुक यांच्या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट स्टीफन फ्रिअर्स यांनी दिग्दर्शित केला होता आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या वॉल्टरची भूमिका इयन मॅकेलन यांनी साकारली होती. आईच्या मृत्यूनंतर वॉल्टरला मनोरुग्णालयात टाकले जाते. तेथील हाल, हिंसा आणि एकटेपण चित्रपटाने आडपडदा न ठेवता दाखविले.

नव्या वाहिनीच्या उद्घाटनाला कोणीही सोहळा ठेवला असता, तारे-तारका बोलाविल्या असत्या. येथे समाजाने भिंतीआड ढकललेल्या माणसाला मुख्य वेळेत घराघरांत आणले गेले. वृत्तपत्रांनी नाके मुरडली. कंटाळवाणी आणि शिवराळ अशी दोन्ही विशेषणे नव्या वाहिनीच्या वाट्याला आली. मात्र ‘आयटीव्ही ज्यांच्याकडे पाहत नाही, त्यांच्यासाठी’ या कायद्यातील कलमाचा अर्थ त्या रात्री जितका स्पष्ट झाला, तितका कोणत्याही भाषणाने झाला नसता.

‘वॉल्टर’ हा ‘फिल्म ऑन फोर’ या उपक्रमातील पहिला चित्रपट होता. दूरचित्रवाणीने पैसा पुरवायचा आणि चित्रपट शक्य तेथे चित्रगृहांतही जाऊ द्यायचा, ही डेव्हिड रोज यांच्या देखरेखीखालची योजना मरगळलेल्या ब्रिटिश चित्रपटसृष्टीला संजीवनी ठरली. फ्रिअर्स यांनीच १९८५ मध्ये हनीफ कुरेशी यांच्या पटकथेवरून ‘माय ब्युटिफुल लॉन्ड्रेट’ केला, तोही याच पैशातून.

इतक्या जड अनुभवानंतर वाहिनीने प्रेक्षकांना एकदम हसविले. ‘फाइव्ह गो मॅड इन डॉर्सेट’ हे एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’चे विडंबन होते. सुट्टीत सायकलींवरून फिरणारी, चोर पकडणारी ती गोड मुले येथे उर्मट, वर्गाभिमानी आणि परक्यांचा तिरस्कार करणारी निघाली. डॉन फ्रेंच, जेनिफर साँडर्स, एड्रियन एडमंडसन हे तेव्हा फारसे परिचित नसलेले कलावंत पुढे ब्रिटिश विनोदाचे आधारस्तंभ झाले.

वेल्समधील पडदा वेगळा

हा सारा खेळ ब्रिटनभर दिसला, पण वेल्समध्ये नाही. तेथे आदल्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, वेल्श भाषेची ‘एस फोर सी’ ही वाहिनी सुरू झाली होती. तिची जन्मकथा निराळी आहे. वेल्श भाषेसाठी स्वतंत्र वाहिनी देण्याच्या आश्वासनापासून सरकारने माघार घेतली, तेव्हा ‘प्लायड कम्री’ या पक्षाचे नेते ग्विनफोर इव्हान्स यांनी ऑक्टोबर १९८० पासून आमरण उपोषण करण्याचा इशारा दिला. एरवी माघार न घेण्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या थॅचर सरकारला सप्टेंबरमध्येच नमते घ्यावे लागले. संध्याकाळच्या मुख्य वेळेत वेल्श भाषेतील कार्यक्रम आणि उरलेल्या वेळी चॅनेल फोरचे इंग्रजी कार्यक्रम, असा तोडगा निघाला. भाषा टिकवायची तर ती सणासुदीला मिरवून भागत नाही. ती रोज संध्याकाळी घरात ऐकू यावी लागते, हे त्या आंदोलनाचे सूत्र होते.

पुण्याचा माणूस लंडनमध्ये

ब्रिटनमधील आशियाई आणि कृष्णवर्णीय नागरिक हेही दुर्लक्षित प्रेक्षकांतच मोडत. त्यांच्यासाठी वाहिनीने स्वतंत्र संपादक नेमला. १९८४ ते १९९७ या काळात हे पद पुण्यात जन्मलेल्या व वाढलेल्या फारुख धोंडी यांच्याकडे होते. वाडिया महाविद्यालयातून केंब्रिजला गेलेले, लंडनमधील शाळांत शिकविलेले आणि ‘पूना कंपनी’सारख्या कथासंग्रहातून पुण्याच्या गल्ल्या इंग्रजीत आणणारे धोंडी यांचा आग्रह होता, की अल्पसंख्याकांचे कार्यक्रम म्हणजे केवळ गाऱ्हाणी नव्हेत; त्यांत विनोद, कला आणि आत्मटीकाही हवी. भारतात वादळ उठविणारा शेखर कपूर यांचा ‘बँडिट क्वीन’ (१९९४) चॅनेल फोरच्या पैशातूनच साकारला.

मराठी वाचकांना जिव्हाळ्याची वाटावी अशी आणखी दोन उदाहरणे देता येतील. नसरीन मुन्नी कबीर यांनी लता मंगेशकर यांच्यावर केलेली, १९९१ मधील ‘लता इन हर ओन व्हॉइस’ ही माहितीपट-मालिका चॅनेल फोरसाठी होती. आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी याच वाहिनीने भारतातील कबड्डीचे सामने ब्रिटिश प्रेक्षकांना दाखविले. साधनांवाचून, एका दमात खेळला जाणारा हा खेळ तेथे इतका लोकप्रिय झाला, की शाळकरी मुलेही पटांगणात ‘कबड्डी, कबड्डी’ करू लागली. भारतात व्यावसायिक कबड्डी लीग येण्यास तेव्हा वीसहून अधिक वर्षे अवकाश होता.

आर्थिक चौकट बदलली

१९९० च्या कायद्याने ही सुरक्षित घडी मोडली. १९९३ पासून चॅनेल फोर स्वतंत्र महामंडळ बनले आणि आपल्या जाहिराती स्वतः विकू लागले. मालकी सार्वजनिक, नफा भागधारकांना वाटायचा नाही, तो कार्यक्रमांतच घालायचा, हे कायम राहिले. पण आता उत्पन्न प्रेक्षकसंख्येशी बांधले गेले. अमेरिकन मालिका, घरखरेदीचे कार्यक्रम आणि २००० पासून ‘बिग ब्रदर’ यांनी वाहिनीची तिजोरी भरली.

त्याची किंमत जानेवारी २००७ मध्ये मोजावी लागली. ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’च्या घरात अभिनेत्री शिल्पा शेट्टी हिला सहस्पर्धकांनी दिलेली वागणूक वांशिक द्वेषाची असल्याच्या ४० हजारांहून अधिक तक्रारी ‘ऑफकॉम’ या नियामकाकडे आल्या. त्याच वेळी भारतभेटीवर आलेल्या गॉर्डन ब्राउन यांना येथे त्याबद्दल प्रश्नांना तोंड द्यावे लागले. शिल्पा विजयी ठरली. वाहिनीने मात्र नियमभंग केल्याचा ठपका ऑफकॉमने त्याच वर्षी मे महिन्यात ठेवला आणि तो निष्कर्ष वाहिनीवरूनच जाहीर करण्याचा आदेश दिला. दुर्लक्षितांना जागा देण्यासाठी जन्मलेल्या वाहिनीवर हा प्रसंग यावा, यातच बदललेल्या आर्थिक चौकटीचा परिणाम दिसतो. दुसरीकडे, वाहिनीच्याच ‘फिल्म फोर’ विभागाचे साहाय्य लाभलेल्या आणि मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिलिऑनेर’ने २००९ मध्ये आठ ऑस्कर मिळविले. कमाई करणारे कार्यक्रम आणि धाडसी कार्यक्रम एकाच तिजोरीत हात घालत होते.

विकायची की राखायची?

एप्रिल २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने चॅनेल फोर खासगी मालकाला विकण्याचा निर्णय जाहीर केला. नेटफ्लिक्ससारख्या बलाढ्य कंपन्यांशी स्पर्धा करायची तर भांडवल हवे आणि ते खासगी मालकच देऊ शकेल, असा सरकारचा दावा होता. तो अगदीच निराधार नव्हता. तरुण प्रेक्षक ठरलेल्या वेळी संचासमोर बसेनासा झाला आहे, हे खरेच.

विरोध मात्र अनपेक्षित ठिकाणाहून आला. सत्ताधारी पक्षातील काही खासदार आणि देशभर विखुरलेले छोटे निर्माते यांनी या निर्णयाला विरोध केला. कारण व्यवहाराचे होते. ही वाहिनी कार्यक्रम बाहेरून घेते आणि २००३ च्या कायद्यानंतरच्या करारपद्धतीनुसार त्यांचे बहुतांश हक्क निर्मात्यांकडेच राहतात. त्या हक्कांच्या बळावर शेकडो छोट्या संस्था उभ्या राहिल्या. खासगी मालक आला, की तो कार्यक्रम घरातच बनवील आणि नफ्यात न बसणारे विषय आधी कापील, ही त्यांची भीती होती. अखेर जानेवारी २०२३ मध्ये ऋषी सुनक यांच्या सरकारने विक्रीचा विचार सोडून दिला. २०२४ च्या माध्यम कायद्याने वाहिनीला स्वतः कार्यक्रम बनविण्याची मुभा दिली. १९८२ पासूनचे ‘केवळ प्रकाशक’ हे बंधन त्यामुळे सैल झाले आहे.

यातून निघणारा प्रश्न एका वाहिनीपुरता नाही. आजचा प्रेक्षक हवे ते, हव्या त्या वेळी पाहतो. त्याला आवडेल तेच संगणकीय गणित त्याच्यापुढे ठेवते. त्यात सोय आहे, पण योगायोगाने काही वेगळे समोर येण्याची शक्यता उरत नाही. १९८२ च्या त्या मंगळवारी मालिका पाहायला बसलेला कोणी लिव्हरपूलचा कामगार संच चालू ठेवून ‘वॉल्टर’पर्यंत पोहोचू शकत होता, विनोदाच्या अपेक्षेने बसलेल्याला आधी मनोरुग्णालयाची भिंत पाहावी लागत होती. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, तसे शेजाऱ्याच्या आवडीचे ओझरते दर्शन कमी झाले. ते दर्शन बाजार आपणहून घडवीत नाही. त्यासाठी कायदा, पैशाची वेगळी व्यवस्था आणि कमी प्रेक्षक असतानाही वेळ न बदलणारा संपादक लागतो. चॅनेल फोरच्या पहिल्या संध्याकाळी हे तिन्ही एकत्र होते. पुढच्या संध्याकाळी त्यांतील किती उरतात, यावर तिचे वेगळेपण ठरणार आहे.